भिंतीकडे तोंड केलेला बाक

आमच्या गोल्फ क्लबातला तो बाक आता फिरवलाय. पूर्वी त्यावर बसलं की समोर फक्त कंपाउंडची भिंत दिसायची, तिच्यावरचं शेवाळ आणि पलीकडच्या निलगिरीचे शेंडे. बघण्यासारखं जे काही होतं, म्हणजे सरावाची हिरवळ, वाळूचा खड्डा, झेंडा, बॉल मारणारी माणसं, ते सगळं पाठीमागे. नवीन सभासद आले की हसायचे. "हा बाक उलटा कुणी ठेवला?" आम्ही सांगायचो, "अण्णांनी." त्यापुढे काही विचारायची पद्धत नव्हती. यंदा कमिटीने प्रॅक्टिस एरियाची सुधारणा काढली तेव्हा तो सरळ केला, त्याला हिरवा रंग दिला आणि पाठीला अण्णांच्या नावाची पितळी पाटी ठोकली. मी त्यावर बसत नाही.

अण्णा आता नाहीत. ते गेल्याचा फोन आला तेव्हा आमची शनिवारची स्पर्धा चालू होती. सगळे होते तिथे दोन मिनिटं उभे राहिले, टोप्या काढल्या आणि मग पुढच्या गटाने बॉल मारला. मला संताप आला होता, पण काढणार कुणावर? खेळ थांबवला असता तर अण्णाच म्हणाले असते, "कशाला ओ? खेळा की. माझं काय काम त्यात?"

खरंच त्यांचं त्यात काही काम नव्हतं. इतकी वर्षं क्लबात येऊन हा माणूस शनिवारची स्पर्धा कधी खेळला नाही.

क्लब म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते कृपा करून आणू नका. आनेकलच्या रस्त्याला नऊ भोकांचं एक भाड्याचं मैदान, एक पत्र्याची शेड, शेडमध्ये एक टीव्ही आणि खेळ संपल्यावर इडली-वडा. बक्षीस म्हणजे बॉलचा एक डबा. त्या डब्यासाठी मोठमोठ्या कंपन्यांतले व्हाइस प्रेसिडेंट तोंडं फुगवून आठवडाभर एकमेकांशी बोलत नसत. मी मूळची नागपूरची, नोकरीपायी इथे कन्नड मुलखात आले आणि जे. पी. नगरला राहिले. एका साहेबाच्या नादाने गोल्फ शिकले. साहेब कंपनी सोडून गेला, गोल्फ मागे राहिलं.

अण्णा निपाणीकडचे. इथल्या एका मशीनच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य काढलं. कारखान्याच्या कॉलनीत साहेबलोकांसाठी एक चिमुकलं मैदान होतं, तिथे तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून ते खेळ शिकले. राहायला शिवाजीनगरात, पुण्याच्या नव्हे, इथल्या. तिथून दोन बस बदलून उजाडता उजाडता आनेकलच्या रस्त्याला उतरायचे. गोल्फची बॅग वगैरे भानगड नव्हती. तीन काठ्या, फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेल्या आणि सुतळीने बांधलेल्या. कंडक्टरने विचारलं, आत काय आहे, की सांगायचे, "काठ्या." एका कंडक्टरचा वर्षभर समज होता की हे कुठल्या तरी लेझीम पथकाचे मास्तर आहेत. अण्णांनी तो दुरुस्त केला नाही. उलट एकदा त्याने 'लेझमीचं बोलावणं आलं तर जाता का?' असं विचारलं तेव्हा म्हणाले, "तयारी चालू आहे."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. अण्णा, या शनिवारी खेळणार का? तयारी चालू आहे. अण्णा, निदान नावापुरते तरी उतरा. स्वल्प थांबा, तयारी चालू आहे. त्यात चेष्टा नसायची आणि खंतही नसायची. विचारणाऱ्यालाच वाटायचं की आपण जरा घाई केली.

माणसांशी ते मराठीत बोलायचे आणि बॉलशी कन्नडमध्ये. खड्ड्यातून बॉल उडाला की त्याच्याकडे बघत पुटपुटायचे, "होगप्पा, होगु." जा बाबा, जा. म्हाताऱ्या नातेवाइकाला बसमध्ये बसवून द्यावं तसा आवाज असायचा तो. आणि बॉल जायचा. वाळूतून हळूच उठून झेंड्याजवळ असा टेकायचा की बघतच राहावं. अर्थात बघायची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

प्रॅक्टिस एरिया म्हणजे मुळात शेडमागचं उकिरड्यासारखं एक गवताळ टोक होतं. अण्णांनी कमिटीला नकाशा काढून दिला आणि उभं राहून सगळं करून घेतलं. वाळूचा खड्डा नीट खोदून घेतला, पाणी साचू नये म्हणून खाली खडी आणि पाइप घातला, माती ओढून छोटी हिरवळ उठवली. इथवर सगळे खूश होते. मग त्यांनी तिन्ही बाजूंनी जास्वंदीचं कुंपण मागितलं. कॅप्टनने विचारलं, "हेज कशाला, अण्णा?"

"वारं लागतंय."

"पण वारा तर पलीकडून येतो."

"आज तिकडनं येतोय. उद्या हिकडनं आला म्हणजे?"

जास्वंद लागली आणि डोक्याएवढी झाली. नंतर बाक आला. तो अण्णांनी स्वतः भिंतीकडे तोंड करून सिमेंटमध्ये पक्का केला. "दमलेल्या माणसाला समोर खेळ दिसला की आराम पडत नाही," असं कारण दिलं. म्हातारा आहे, असायचंच, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

मला वाळूतून बॉल काढता येत नसे. मी कुदळ मारल्यासारखी मारायची आणि बॉल तिथेच. एकदा मी असं उकरकाम करत असताना अण्णा आले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, रागावले. तर तसंच उभं राहून म्हणाले, "मारा की. आवाजावरनं सांगतो." मी मारला. "अक्का, तुम्ही बॉलला मारायलाय. बॉलला हात लावायचा नाही. वाळूला मारायचं. वाळू त्याला घेऊन जातीय." पुन्हा मारला. "आता भ्यालात." तिसऱ्यांदा काय झालं कोण जाणे, बॉल मऊसा उठला. अण्णा वळले नाहीत. "हां," म्हणाले, "हा गेला." मला शिकवताना त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. जगात मला शिकवायला आलेल्या बाकी सगळ्या माणसांनी माझ्याकडे फार टक लावून पाहिलंय, म्हणून हे लक्षात राहिलं.

त्यांचं कारण मला त्या बाकावरच कळलं. डब्यातला दहीभात खाऊन झाला होता. मी सरळ विचारलं, "अण्णा, तुम्ही का खेळत नाही हो? खरं सांगा."

त्यांनी भिंतीकडे बघत डबा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "एकदा गेलतो की खेळायला. तुम्ही यायच्या आधी."

"मग?"

"पहिल्या बॉलला उभारलो. मागं तिघं. स्कोअरचं कार्ड खिशात. काठी वर गेली आणि खाली येईना झाली. हात माझा, काठी माझी, खरं येईना. मागनं कोण तर म्हणालं, 'घ्या की सर.' मग तर सगळंच संपलं. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि बस धरली."

"किती वेळ उभे होतात?"

"ते मागच्यांना विचारा. मी अजून उभाच आहे म्हणायचं."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "इथं मात्र येतीय बघा काठी खाली. आपसूक येतीय. इथं कोण बघत नाही, कोण मोजत नाही. एवढा एक खड्डा राहिला म्हणजे झालं, अक्का. दुसरं काय मागत नाही मी कुणाला." आणि उठता उठता म्हणाले, "हे कुणाला बोलू नका. लोकं चांगली आहेत. मदत करायला येतील."

लहानपणी कुणी चारचौघांत अपमान केला होता का, कारखान्यात कुणी डोक्यावर उभं राहून ओरडायचं का, मी खोदून विचारलं नाही. प्रत्येक गोष्टीला कारण शोधणारी माणसं मला सहन होत नाहीत. मी कुणाला बोलले नाही एवढं खरं.

आणि लोकं खरंच चांगली होती. आमचा कॅप्टन पुण्याचा, आयटीतला, सदा उत्साहात. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. भांडून मोकळं होता आलं असतं.

एका आठवड्यात पावसाने मैदानाची दलदल करून टाकली. नऊच्या नऊ भोकं बंद. शनिवारची स्पर्धा रद्द करायची तर आमच्या लोकांच्या जिवावर येतं. कॅप्टनने डोकं चालवलं. अण्णांच्या खड्ड्याखाली पाइप होता, तेवढी जागा कोरडी होती. स्पर्धा तिथेच घ्यायची. झेंड्याभोवती आदल्या संध्याकाळीच चुन्याचं गोल रिंगण आखून ठेवायचं, प्रत्येकाने वाळूतून दहा बॉल मारायचे, ज्याचे जास्त रिंगणात थांबतील तो जिंकला. इथवर ठीक होतं.

आम्ही बाकीचे नऊला जमलो. अण्णा त्या दिवशीही पहाटेच येऊन, बॉल मारून, बाकावर बसले होते. एरवी स्पर्धेची माणसं दिसू लागली की ते चादर गुंडाळून निघायचे. त्या दिवशी कॅप्टनने त्यांना हाताला धरून शेडमध्ये आणलं. "आज खाऊनच जायचं, अण्णा. ऐकणार नाही मी." आमचे सगळ्यांचे बॉल मारून झाले. कुणाचे दोन रिंगणात, कुणाचे तीन. माझे तर सांगण्यासारखे नव्हते. इडल्या आल्या. कॅप्टन टीव्हीला फोन जोडत म्हणाला, "फ्रेंड्स, आजचा विनर अनाउन्स करण्यापूर्वी एक छोटा व्हिडिओ."

टीव्हीवर जास्वंदीचं कुंपण दिसलं, वरून काढलेलं. कुंपणाच्या आत वाळूचा खड्डा. खड्ड्यात विटका स्वेटर घातलेले अण्णा. पहाटे कॅप्टन आणि आणखी एक जण शेडच्या माळ्यावर लपून बसले होते, तिथल्या झरोक्यातून त्यांनी हे चित्रण केलं होतं. अण्णांनी पहिला बॉल मारला. रिंगणात. शेडमध्ये टाळ्या पडल्या. दुसरा, रिंगणात. पुन्हा टाळ्या. "होगप्पा" ऐकू आलं तेव्हा सगळे हसले, अगदी प्रेमाने हसले. आमच्या क्लबात इतकी प्रेमळ सकाळ मी पाहिली नव्हती.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या बशीतली इडली तशीच होती. टीव्हीवरच्या माणसाकडे ते असे बघत होते की जणू त्याला आता कुणी तरी पकडणार आहे आणि ह्यांना ते आधीच माहीत आहे.

"हे कुठनं काढलं?" त्यांनी विचारलं.

"माळ्यावरून!" कॅप्टन म्हणाला. "तुम्हाला पत्ता पण लागला नाही! पहिले दहा बॉल मोजले आम्ही. सात आत, अण्णा! सात! क्लबात कुणाचे चारच्या वर नाहीत. यू आर द चॅम्पियन!"

"मी स्पर्धेत नव्हतो की," अण्णा म्हणाले.

"म्हणून तर मजा!"

अण्णा उठले. बॉलचा डबा दोन्ही हातांनी घेतला, "थँक्स" म्हणाले, सगळ्यांना नमस्कार केला. फोटोसाठी उभं केलं तर उभे राहिले. मग चादरीतल्या काठ्या घेऊन बस धरायला गेले. डबा टेबलावरच राहिला.

मी कॅप्टनला गाठलं. "त्यांना विचारलं होतंस?"

"अगं, विचारलं असतं तर खेळले असते का? आपण त्यांच्यासाठीच केलं ना? ही डिझर्व्ड इट यार." त्याचे डोळे ओले झाले होते. ते पाहून माझा रागही धड पेटेना. मी एवढंच म्हटलं, "तो व्हिडिओ काढून टाक." तो म्हणाला, "वेडी आहेस का, क्लबच्या ग्रुपवर सगळ्यांनी हार्ट टाकलेत."

पुढच्या आठवड्यात एका कामाच्या दिवशी मी मुद्दाम सकाळीच गेले. अण्णा खड्ड्यात उभे होते. मी जास्वंदीबाहेरूनच हाक मारली, आत गेले नाही.

"शेडमध्ये कोण आहे काय ओ?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, अण्णा. कुलूप आहे."

"बघून या की जरा."

मी गेले, कुलूप ओढून पाहिलं, माळ्याच्या झरोक्याकडे पाहिलं, परत आले. "कुणी नाही." मग आतून काही आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने मी फांदी बाजूला केली. काठी वर गेलेली होती आणि तिथेच अडकली होती. त्यांनी दुसऱ्या हाताने ती खांद्यावरून हळूहळू खाली घेतली, भरलेली कळशी उतरवावी तशी. बॉल उचलून खिशात टाकला.

त्यानंतर अण्णा यायचे थांबले.

क्लबातल्यांना वाटलं, जिंकून समाधान झालं असेल. कुणी तरी म्हणालंसुद्धा, "ही वेंट आउट ऑन अ हाय." मी जेवणाच्या टेबलावरून उठून गेले.

महिन्याभराने त्यांच्या घरी गेले. शिवाजीनगरात गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपच्या वर दोन खोल्या. अण्णांच्या पत्नीने, काकूंनी, दार उघडलं आणि मला आत घेण्याआधी हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलात. दिवसभर बसून असतात. पहाटं उठतात, शूज घालतात आणि बसतात. तुम्ही तर सांगून बघा."

अण्णा खुर्चीत होते. पायांत पांढरे कॅनव्हासचे शूज. खाली पत्रे ठोकल्याचा आवाज चालला होता. मी म्हटलं, "सोमवारी क्लब बंद असतो. किल्ली मी मागून घेते. आपण दोघंच जाऊ. मी पाठ करून उभी राहीन."

"पाठ केली तरी आवाज येतोय की, अक्का." त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. "आवाजावरनं सगळं कळतंय. मीच शिकवलंय तुम्हाला."

"मग मी गेटबाहेर गाडीत बसते. काचा वर करून, रेडिओ लावून."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "सरी, बरं," अण्णा मला म्हणाले, "जाऊन येऊ या."

सोमवारी गेलो. रात्री सरीवर सरी कोसळून आकाश नुकतंच उघडलं होतं. गेटजवळ गाडी लावली. अण्णांनी चादरीतून एकच काठी काढली, पाच-सहा बॉल खिशात घातले आणि आत गेले. मी कबूल केल्याप्रमाणे काचा वर केल्या आणि रेडिओ मोठा केला. कुठली गाणी लागली ते सांगता येणार नाही. मी देवाबिवाला मानत नाही, पण त्या दिवशी मी हात जोडून बसले होते. त्यांची काठी खाली येऊ दे, एवढंच. माझ्या स्वतःच्या नोकरीसाठीही मी कधी इतकं मागितलं नव्हतं.

ते परत आले तेव्हा चेहरा बराच उजळला होता. गाडीत बसले, दार लावलं. "चांगलं झालं आज," म्हणाले. मग आपणहून म्हणाले, "पाच मारले. तीन झेंड्याजवळ."

आजवर त्यांनी कधी आकडा सांगितला नव्हता. मी "वा, अण्णा," म्हटलं आणि गेटचं कुलूप लावायला उतरले.

गेटपासून जास्वंदीपर्यंत वीसेक पावलं असतील. मी जायला नको होतं असं कुणी म्हणेल. मी गेले. पावसाने खड्ड्यातली वाळू खाली बसली होती, तिच्यावर थेंबांच्या बारीक बारीक खळग्या होत्या, सगळीकडे, सारख्या. काठीचा एकही घाव नव्हता. फक्त काठावरून आत आलेली-गेलेली पावलं होती आणि मधोमध कॅनव्हासच्या शूजचे दोन ठसे होते, जवळजवळ, खूप खोल गेलेले. आणि त्यांच्यापुढे वाळूवर एक बॉल, कुणी अंड्यासारखा अलगद ठेवावा तसा. हिरवळीवर काही नव्हतं.

मला रडू आलं. तिथे रडून घेतलं. मग तो बॉल उचलून खिशात टाकला, कोपऱ्यातलं दाताळं घेतलं आणि सगळी वाळू ओढून एकसारखी केली, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी माळी आला तर त्याला वाटावं, कुणी तरी खेळून, पद्धतीप्रमाणे वाळू सारखी करून गेलंय. कुलूप लावलं आणि गाडीत येऊन बसले.

गाडी आनेकलच्या रस्त्याला लागली. मग समोर बघतच त्यांनी विचारलं, "तुम्ही आत खड्ड्याकडं गेला नव्हता नव्हं?"

"नाही, अण्णा," मी म्हटलं. "नुसतं कुलूप लावलं."

"मग बरं," ते म्हणाले.